फॉर्म एक, पाने अनेक : माहिती योग्य कंट्रोलरकडे कशी पोहोचावी?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी पानावरील छोट्या फॉर्ममध्ये आपला निवासाचा पत्ता लिहितो, बटण दाबतो आणि तेच पान पुन्हा समोर येते. चूक झाल्याचा संदेश दिसत नाही, म्हणून तो निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याची नोंद कोठेच झालेली नसते. हे असे का घडते?

एमव्हीसी ही रचना ट्रिग्वे रीनस्काउग या नॉर्वेच्या संगणकशास्त्रज्ञांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडली. आजच्या वेब-प्रणालींत मॉडेल माहिती व तिचे नियम सांभाळते, व्ह्यू ती दाखवतो आणि कंट्रोलर आलेल्या विनंतीवर कार्यवाही करतो. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये पत्त्याचा फॉर्म ‘पार्शल व्ह्यू’ म्हणून एकदाच लिहून प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा अनेक पानांत बसवता येतो.

येथेच चूक संभवते. ब्राउझरला हा तुकडा वेगळा दिसत नाही; त्याच्यापुढे एकच सलग पान असते. फॉर्मला ‘ॲक्शन’ हा गुणधर्म दिलेला नसेल, तर एचटीएमएलच्या नियमानुसार माहिती चालू पानाच्याच यूआरएलकडे जाते. म्हणजे ती ‘पत्ता’ कंट्रोलरऐवजी ‘शिष्यवृत्ती’ कंट्रोलरकडे पोहोचते. तेथील पान दाखवणारी पद्धत केवळ ‘गेट’ विनंतीपुरती मर्यादित नसेल, तर ती ही ‘पोस्ट’ विनंतीही स्वीकारते, माहितीकडे न पाहता पान पुन्हा दाखवते आणि चूक झाकली जाते.

यावरील उपाय पुढीलप्रमाणे :

१. फॉर्म लिहितानाच ॲक्शन व कंट्रोलर ही दोन्ही नावे स्पष्ट द्यावीत. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये त्यासाठी ‘एएसपी-ॲक्शन’ व ‘एएसपी-कंट्रोलर’ हे गुणधर्म आहेत. यूआरएल हाताने लिहू नये. मार्गरचना बदलल्यास ती निरुपयोगी ठरते.

२. प्रत्येक पद्धत ‘गेट’साठी आहे की ‘पोस्ट’साठी, हे नमूद करावे. मग चुकीच्या जागी आलेली विनंती मुकाट्याने गिळली जात नाही. त्रुटी लगेच उघड होते.

३. नोंद झाल्यावर वापरकर्त्यास मूळ पानावर परतवायचे असल्यास त्या पानाची यूआरएल लपलेल्या रकान्यातून पाठवावी. मात्र ती आपल्याच संकेतस्थळाची आहे याची खात्री करूनच पुढे पाठवावे. अन्यथा तिच्या आडून कोणीही त्यास बनावट संकेतस्थळाकडे नेऊ शकेल.

अभ्यास : एकच फॉर्म दोन पानांवर बसवा. ब्राउझरमधील ‘नेटवर्क’ विभाग उघडा आणि दोन्ही पानांवरून माहिती पाठवून पाहा. दोन्ही वेळी यूआरएल एकच दिसली, तरच आपला फॉर्म खऱ्या अर्थाने पुनर्वापरास योग्य झाला असे समजावे.