विंगेतून दिसतं तेवढं

सांगलीत राहून नाटकाचं वेड नाही म्हणणं अवघडच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं आणि तेव्हापासून नाटकातलं आपल्यालाच कळतं असा आमच्या गावाचा समज आहे. मी दिवसा बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग. रंगमंचावर फारशी गेले नाही. विंगेत उभं राहून जे कळलं, ते हे.

१. नट विसरलाय की नुसता थांबलाय, हे कानांपेक्षा डोळ्यांना आधी कळतं. विसरलेल्या नटाचे हात आधी थांबतात, तोंड नंतर. थांबलेल्याच्या हातातला कप फिरत राहतो, पदराशी चाळा चालू असतो. हे उमगल्यावर तोंड मिटून उभं राहायला शिकले. विंगेत, घरी नाही. लेक बोलता बोलता थांबली की वाक्य मीच पुरं करते. ती “हो, तेच” म्हणते आणि उठून जाते. तिला खरं काय म्हणायचं होतं, ते राहूनच जातं.

२. १२ मार्च १९११ ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली; तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट ऐकून लहानपणी अंगावर काटा यायचा. अजूनही येतो, पण आता मी त्या मुलीच्या आईचा विचार करते. इकडे टाळ्या पडत होत्या तेव्हा ती काय करत होती, हे गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. आमच्यातल्या एकीनं वडील आजारी म्हणून ऐन वेळी भूमिका सोडली, तेव्हा सगळ्यांनी तिला हाच दाखला दिला. मला तो पटला नाही. ती गावी निघून गेली. बदली आलेली बाई पदराआड वही धरून बोलली आणि प्रयोग सपशेल आपटला. वडील बरे झाले. पोरगी आता पूर्वीपेक्षा बरं काम करते. का, ते देव जाणे.

३. देवावरून आठवलं. आमचा दिग्दर्शक पक्का नास्तिक. तालमीत कुणी शकुन-अपशकुन काढला की तासभर व्याख्यान. पण तिसऱ्या घंटेआधी नटराजापुढे नारळ तोच फोडतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. एकदा नारळ नासका निघाला. “अंधश्रद्धा आहे सगळी,” असं पुटपुटत त्यानं खिशातून पैसे काढले आणि पोराला दुसरा आणायला पिटाळलं. तो येईपर्यंत घंटा थांबली. मी हसले खरी, पण दुसरा नारळ पांढराशुभ्र निघाल्यावर सुटकेचा श्वास मीही सोडला. माझ्या श्रद्धेची खोली साधारण तेवढीच असावी.

४. राज्य नाट्य स्पर्धेत नंबर न आल्याचं दुःख चार दिवस टिकतं. सेट कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवायचा, हा प्रश्न वर्षभर.

५. आमच्या घरात नाटकावरचं प्रेम एकतर्फी. हे प्रत्येक प्रयोगाला येतात, शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसतात आणि पहिल्या अंकातच डुलकी घेतात. घरी जाताना स्कूटरवर “कसं झालं?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “तुझा आवाज आला नाही, म्हणजे चांगलं झालं.” याचा मला राग यायचा. वाटायचं, काय हा अरसिक माणूस पदरी पडला! बाकीचे मात्र लेखक, नेपथ्य, अगदी चहासुद्धा कसा होता ते सांगायचे. माझं काम कसं झालं हे बोलणारे एवढेच. यंदाच्या संहितेत एक सासरा आहे. गावात बोलके सासरे पुष्कळ, पाठांतर करणारा मिळेना. शेवटी ह्यांना विचारलं. दुसऱ्या अंकात सासरा आरामखुर्चीतच असतो ना, एवढी खात्री करून घेऊन ह्यांनी होकार दिलाय. दिग्दर्शक अजून विचार करतोय.