संकटकाळातील मनोबल : पापनाशमचा धडा

अनपेक्षित संकट माणसाची तयारी पाहून येत नाही. घरातील कर्त्या व्यक्तीचा मृत्यू, उभ्या पिकाचा नाश, परीक्षेतील अपयश यांपैकी कोणताही आघात आयुष्याची घडी विस्कटू शकतो. अशा आघातानंतर सावरण्याच्या आणि बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेत पुढे जाण्याच्या क्षमतेस मानसशास्त्रात ‘मानसिक लवचीकता’ म्हणतात. दुःख न होणे म्हणजे लवचीकता नव्हे. दुःख होऊनही कार्यप्रवृत्त राहणे म्हणजे लवचीकता.

कोठाराचे गाव

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पापनाशम हे तालुक्याचे ठिकाण आहे. (तिरुनेलवेली भागात ताम्रपर्णीकाठी असलेले पापनाशम वेगळे.) भातशेतीच्या या मुलखात नायक राजवटीतील, सतराव्या शतकातील धान्याचे एक भव्य कोठार आजही उभे आहे. त्याची क्षमता सुमारे ३,००० कलम असल्याचे सांगितले जाते. कलम हे तेथील जुने धान्यमाप. सुगीत साठवावे आणि टंचाईत वापरावे, हे कोठारामागील साधे तत्त्व व्यक्तीच्या आयुष्यालाही लागू पडते.

पापनाशम शिवन यांचे जीवन

या गावाचे नाव संगीतविश्वात पोहोचले ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) यांच्यामुळे. त्यांचे मूळ नाव रामय्या; जन्म तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पोलगम येथे झाला. वयाच्या सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. आई योगांबाळ मुलांना घेऊन त्रावणकोरात आपल्या भावाच्या आश्रयाला गेली. परक्या मुलखात रामय्यांनी मल्याळम आत्मसात केली आणि तिरुवनंतपुरमच्या संस्कृत महाविद्यालयात व्याकरणाचे शिक्षण घेतले. १९१० मध्ये आईचेही निधन झाले. त्यानंतरची काही वर्षे स्थिर घराविना, देवळांतून भजने गात गेली. अंगभर भस्म लावून गाणाऱ्या या तरुणाला लोक ‘शिवन’ म्हणू लागले.

या भ्रमंतीच्या काळातही त्यांचे शिकणे थांबले नाही. कोनेरिराजपुरम वैद्यनाथ अय्यर यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकाचा सहवास त्यांना लाभला. पुढे मद्रास येथे त्यांनी कृती रचल्या आणि बोलपटांसाठी गीते लिहिली. ‘अंबिकापती’ (१९३७), ‘अशोककुमार’ (१९४१) यांसारख्या चित्रपटांशी त्यांचे नाव निगडित आहे. १९७१ मध्ये ‘संगीत कलानिधी’ आणि १९७२ मध्ये ‘पद्मभूषण’ हे सन्मान त्यांना मिळाले. आईचा निर्धार, मामांचा आधार, गुरूंचे मार्गदर्शन आणि संकटकाळातही जपलेली विद्या हे त्यांच्या आयुष्याचे कोठार होते.

संशोधन काय सांगते?

हवाई बेटसमूहातील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह अशा अनेक जोखमी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम व आत्मविश्वासपूर्ण प्रौढ झाली. किमान एका जिव्हाळ्याच्या व्यक्तीशी असलेले घट्ट नाते, कुटुंबाबाहेरील आधार आणि प्रयत्नांवरील विश्वास हे घटक त्यांच्या बाबतीत ठळकपणे आढळले. अर्थात लवचीकता ही केवळ जन्मजात देणगी नसून, नाती व सवयी यांतून ती घडत जाते.

व्यक्ती आणि व्यवस्था

मात्र सर्व भार व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील नारळबागा उद्ध्वस्त केल्या. नारळाचे नवे झाड फळावर येण्यास काही वर्षे लागतात. तोवरच्या काळात शेतकऱ्याचे धैर्य टिकायचे, तर नुकसानभरपाई, विमा आणि सुलभ कर्ज यांची जोड हवीच. जो सावरू शकला नाही त्याला दुबळा ठरवण्यापूर्वी, त्याला कोणता आधार मिळाला होता हे पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी

स्पर्धा परीक्षांत जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य असतात. अपयश हा येथे अपवाद नव्हे. म्हणून तयारीबरोबरच पुढील गोष्टींची बेगमी करावी :

१. निकालावर आपले नियंत्रण नाही, रोजच्या अभ्यासावर आहे. हा भेद मनात पक्का करावा.
२. उपजीविकेचे एखादे पर्यायी कौशल्य जोपासावे.
३. मन मोकळे करता येईल अशी एक तरी व्यक्ती जवळ असावी.
४. झोप, आहार व व्यायाम यांत खंड पडू देऊ नये.
५. निराशा दीर्घकाळ टिकल्यास मदत घेण्यात कमीपणा मानू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

कोठार दुष्काळ रोखू शकत नाही. दुष्काळात तगण्याचे बळ मात्र देते. ते भरण्याची वेळ सुगीचीच असते.

सरावासाठी प्रश्न : ‘मानसिक लवचीकता ही व्यक्तीची आणि समाजाची संयुक्त जबाबदारी आहे.’ सोदाहरण चर्चा करा.