दर फुटाला, पण कुठल्या फुटाला?

वाचकांचे प्रश्न : घर, जमीन आणि पैसा

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. बार्शीत वडिलांच्या नावावर एनए ले-आउटमधला दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, त्यांनी तो निवृत्तीच्या पैशांतून घेतला. तिथे तळमजला आणि वर दोन खोल्या असे घर बांधायचे आहे. ठेकेदाराने मटेरियलसह 1,850 रुपये फूट आणि फक्त मजुरी 420 रुपये फूट असे दोन दर दिले आहेत. वडील तिथेच राहतात, लक्ष देतील, म्हणून मजुरीचा ठेका स्वस्त पडेल असे वाटते. बँक म्हणते, प्लॉट वडिलांच्या नावावर असल्याने तुम्हाला एकट्याला कर्ज मिळणार नाही. बहिणीकडून हक्कसोड करून घ्यावे का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय कुदळ मारण्यात अर्थ नाही.

प्लॉट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला आहे आणि वडील हयात आहेत. म्हणजे आज त्या प्लॉटमध्ये बहिणीचा हक्कच नाही, तुमचाही नाही. जो हक्क नाही तो सोडणार कसा? वडील हयात असताना मुलीकडून ‘हक्कसोड’ लिहून घेतलेले कागद माझ्याकडे नेहमी येतात. अशा जागेच्या बाबतीत त्यांचा उपयोग भाऊबहिणीत वाकडे येण्यापुरताच होतो. प्लॉट वडिलोपार्जित असता तर गोष्ट वेगळी होती. 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे.

तुमच्यापुढे सरळ दोन वाटा आहेत. पहिली, वडिलांना सहकर्जदार करून प्लॉट तारण द्यायचा. दुसरी, वडिलांनी तुम्हाला नोंदणीकृत बक्षीसपत्र करून द्यायचे. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडे यांना राहत्या किंवा शेतीच्या मिळकतीचे बक्षीसपत्र केले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. शहरी हद्दीत स्थानिक अधिभार वेगळा लागतो आणि मोकळा प्लॉट या सवलतीत बसतो का, हे दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्या. दोन साक्षीदार आणि नोंदणी याशिवाय बक्षीसपत्राला अर्थ नाही. आणि ते एकदा झाले की वडिलांना सहजी फिरवता येत नाही. म्हणून त्यातच आई-वडिलांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट लिहा. तशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येते. तुमच्यावर संशय घेतोय असे समजू नका, कागद चांगल्या दिवसांत लिहायचा असतो. बहिणीला आधी सांगा एवढेच. कायद्याने तिची सही लागत नाही, पण पुढे दिवाळीला तिने त्याच घरात यायचे आहे.

करबचतीचा हिशेब करत असाल तर मालकी तुमच्या नावावर असणे बरे. गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट ज्याच्या मालकीचे घर आहे त्यालाच मिळते. त्यातही कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावे लागते, नाहीतर ती 30 हजारांवर येते. नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहायच्या घराला ही वजावटच नाही. मग निव्वळ करासाठी धावपळ करू नका.

आता ठेका. तुम्ही 1,850 आणि 420 यांची तुलना करताय, पण दोन्ही आकड्यांमागचा ‘फूट’ तुम्ही विचारलेला नाही. हा फूट तीन प्रकारे मोजला जातो. भिंतींच्या आतला, भिंतींसकट आणि स्लॅबचा. स्लॅबच्या मापात बाल्कनी, जिना, पोर्च, काही ठिकाणी छज्जेसुद्धा येतात. समजा तुमचे घर भिंतींसकट 1,540 फूट भरते आणि स्लॅबच्या मापाने 1,720. फरक 180 फुटांचा. 1,850 च्या दराने तो 3,33,000 रुपये होतो. यात ठेकेदाराने फसवले असे नाही, त्याच्या धंद्यात स्लॅबच्या मापाने बोलायची रीत असेल. तुम्ही मात्र मनात भिंतींसकटचे माप धरून बसलात. करारात एक ओळ घाला : कुठल्या नकाशाप्रमाणे, कुठले क्षेत्रफळ, किती फूट. जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यावर, पोर्च पूर्ण की अर्धा, हेही त्याच ओळीत.

दुसरी गोष्ट, दरात काय नाही. कोटेशन बहुधा लेटरहेडवर एक पानाचे असते आणि त्यात ‘सर्व मटेरियल उत्तम प्रतीचे’ असे असते. ‘उत्तम प्रती’ला न्यायालयात किंमत नाही. सळई फे-500डी, सिमेंट कुठल्या प्रकारचे, बाहेरची भिंत सहा इंची की नऊ इंची, वीट की ब्लॉक, नदीची वाळू की क्रश सँड, फरशीचा मूळ दर किती रुपये फूट, खिडकीचे सेक्शन कोणते, हे नावानिशी लिहिले पाहिजे. आणि जे दरात नाही त्याची यादी ठेकेदाराकडून त्याच्याच अक्षरात घ्या. कंपाउंड, गेट, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, वीजमीटर, ग्रिल, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ही नावे हमखास बाहेर राहतात आणि शेवटी चार-पाच लाखांचे होऊन येतात.

तुमच्याकडे आणखी एक खर्च जमिनीतच आहे. बार्शीच्या बाजूला काळी माती बऱ्याच ठिकाणी आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यावरच बसवला तर भिंतींना तिरक्या चिरा पडतात. फुटिंग खाली पक्क्या मुरमावर किंवा खडकावर न्यावे लागते. ठेकेदाराच्या दरात मात्र खोदाई पाच फुटांची धरलेली असते, तुमच्या प्लॉटवर मुरूम आठ फुटांवर लागला तर वरच्या तीन फुटांचे काँक्रीट, सळई, भराव सगळे ‘एक्स्ट्रा’. म्हणून सही करण्याआधी जेसीबी तासाभरासाठी बोलवा, एका कोपऱ्यात खड्डा घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला तो प्रत्यक्ष दाखवा. खड्ड्याच्या भिंतीवर काळी माती कुठे संपते आणि पिवळसर मुरूम कुठे सुरू होतो, हे डोळ्यांनी दिसते. टेप लावा, फोटो काढा, तो आकडा करारात लिहा.

मजुरीचा ठेका स्वस्त वाटतो त्याला कारण आहे. एकट्या स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही. मटेरियलसह ठेक्यावर, ठेकेदार नोंदणीकृत असेल तर, 18 टक्के लागतो. कोटेशनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द बारीक अक्षरात आहेत का बघा. मात्र 18 टक्के पाहून लगेच दचकू नका. सिमेंट-सळईवर भरलेल्या कराची वजावट ठेकेदाराला मिळते, तुम्ही दुकानातून घेतलेत तर तोच कर बिलात तुमच्याच खिशातून जातो. सिमेंटवर सप्टेंबर 2025 पासून तो 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने काढलेले एस्टिमेट असेल तर नवे मागा. सिमेंट-सळई तुमची आणि विटा-वाळू ठेकेदाराची, असा मधला मार्ग अनेक जण काढतात. चालतो, पण तो मग निव्वळ मजुरीचा ठेका राहत नाही, हे लक्षात असू द्या.

माझे मत विचाराल तर तुम्ही मटेरियलसह ठेका द्यावा. मजुरीच्या ठेक्यात आज खडी आली नाही म्हणून गवंडी बसून, उद्या गवंडी आला नाही म्हणून सिमेंट ओलाव्याला पडून, असे चालते. पोती मोजायची, वाळूचा ब्रास मापायचा, सळईची वजनपावती तपासायची, दुकानदाराशी हुज्जत घालायची, हे सगळे बार्शीतला माणूस करणार. तो माणूस तुमचे वडील. निवृत्त माणसाला मे महिन्यात साइटवर मुकादम करून जे पैसे वाचतील ते मला वाचलेले वाटत नाहीत. त्याऐवजी ठेकेदाराशी संबंध नसलेला एक स्थानिक सिव्हिल इंजिनिअर देखरेखीला नेमा, त्याची फी तुम्ही द्या आणि त्याची सही झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, असे करारात घाला. वडिलांनी संध्याकाळी चक्कर मारावी आणि स्लॅबवर पाणी मारले का एवढे बघावे, ते काम त्यांना आवडेलही.

इंजिनिअरने दोन दिवस साइट सोडू नये. एक, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी : सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, की सळई थेट प्लेटवर टेकली आहे. दुसरा, सेंटरिंग काढायच्या दिवशी. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, त्याला घाई असते. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस काढायचे नाहीत. हेही करारात लिहा, तारखेसकट.

पैशांच्या हप्त्यांत लोक सर्वांत जास्त अडकतात. बँक आधी तुमचे स्वतःचे पैसे लावायला सांगते आणि मग टप्पा पूर्ण झाल्यावर, तिचा इंजिनिअर बघून गेल्यावर, हप्ता सोडते. ठेकेदार टप्पा सुरू करण्याआधी पैसे मागतो. या दोघांच्या मधली रक्कम तुमच्याकडे रोख नसेल तर काम जोत्यावर थांबते आणि ठेकेदार माणसे दुसरीकडे हलवतो. एका पूर्ण टप्प्याएवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय सुरुवात करू नका. एकूण रकमेपैकी पाच टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवायची अट घाला. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या. स्वतःच्या प्लॉटवरच्या अशा कामात तुम्हाला महारेरा नाही. काम निकृष्ट निघाले तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि तिथे हाच करार वाचला जातो.

परवानगीचे थोडक्यात. तुमचा प्लॉट 202 चौरस मीटरचा आहे. डिसेंबर 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत 300 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या भूखंडांना सोपी पद्धत आहे. परवानाधारक वास्तुविशारदाकडून नगरपरिषदेत अर्ज करा. बँक मंजूर नकाशाशिवाय पहिला रुपया देणार नाही.

प्रश्न : शहरापासून आठ किलोमीटरवर शेतजमिनीत एक गुंठ्याचे प्लॉट पाडले आहेत. एजंट म्हणतो, आम्ही दहा-अकरा जण मिळून घेऊ, सातबाऱ्यावर सामाईक नावे लागतील. नसेल जमत तर नोटरी करून देतो. घ्यावा का? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : घेऊ नये. तुकडेबंदी कायदा 1947 पासून आहे. 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणक्षेत्र ठरले, म्हणून एजंट माणसे गोळा करून तो आकडा गाठतात. सातबाऱ्यावर तुमचे नाव येईल, पण तुमचा गुंठा कोणता हे त्यावर कुठेच नसेल. मोजणी होणार नाही, बँक कर्ज देणार नाही, आणि एका सहहिश्शेदाराने वाद काढला की सगळे अडकतील. नोटरीच्या कागदाने मालकी जात नाही, फक्त एजंटचा माल खपतो.

2025 मध्ये शासनाने शहरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रांत तुकडेबंदीला सूट दिली आहे, तिचाच हवाला देऊन आता कुठलेही रान विकले जाते आहे. तुमची जागा त्या क्षेत्रात आहे का, हे झोन दाखल्यावर दिसेल. एजंटच्या मोबाइलमधल्या नकाशावर नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड खाली कर भरून निवासी वापर मिळू शकतो. झोन दाखला, सातबाऱ्याचे ‘इतर हक्क’ आणि भोगवटादार वर्ग एक की दोन, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

प्रश्न : नाशिकचा फ्लॅट विकून मूळ गावी घर बांधतेय. नफ्यावरचा कर वाचेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाचेल, पण मुदती पाळल्या तर. फ्लॅट दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असला पाहिजे आणि विक्रीच्या तारखेपासून तीन वर्षांत नवे घर बांधून पूर्ण झाले पाहिजे. प्लॉटची किंमतही नव्या घराच्या खर्चात धरता येते, मात्र नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर सवलत नाही.

विवरणपत्र भरायच्या अंतिम तारखेपर्यंत जेवढा नफा खर्च झाला नसेल तेवढी रक्कम बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’ उघडून भरावी लागते. साध्या मुदतठेवीत ठेवली तर ती चालत नाही. व्याज थोडे जास्त मिळते म्हणून लोक तेच करतात आणि नोटीस आल्यावर धावतात. तीन वर्षांत खर्च न झालेली शिल्लक त्या वर्षी करपात्र होते. गवंड्याला रोख दिलेल्या पैशांच्या पावत्या घ्या, शक्यतो सगळे व्यवहार बँकेतून करा, आणि घर झाल्यावर घरपट्टीची नोंद व पूर्णत्वाचा दाखला तारखेसकट जपून ठेवा. नवे घर तीन वर्षांच्या आत विकलेत तर वाचवलेला कर परत मोजला जाईल.