शूटिंग बघायला जाताय? पैसे भरण्याआधी हे विचारा

गोरेगावची चित्रनगरी किंवा कर्जतजवळचा एन. डी. स्टुडिओ बघायला निघाला असाल, तर सहल नेणाऱ्याला आधी एवढंच विचारा : आम्ही येऊ त्या दिवशी तिथे नेमकं काय उभं असेल आणि त्यातलं काय आम्हाला खाली उतरून, आत जाऊन बघता येईल? उत्तर फोनवर घेऊन थांबू नका. लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. आमच्याकडे असं उत्तर नव्हतं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आम्ही डोंबिवली पूर्वेचे. मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतून एक बस निघाली होती. मुलं, त्यांच्या आया, काही आजी-आजोबा आणि संध्याकाळच्या मालिकांवर मनापासून जीव असलेल्या आमच्या शेजारच्या काकू. सहल नेणारा फोनवर म्हणाला होता, "ताई, लाइव्ह शूटिंग, कलाकारांबरोबर फोटो, जेवण, सगळं पॅकेजमध्ये आहे. तुम्ही फक्त अ‍ॅडव्हान्स टाका." अ‍ॅडव्हान्स गेला. बस चित्रनगरीच्या गेटवर पोहोचली आणि तिथेच अडली. सुरक्षारक्षकाने नावांची यादी आणि ओळखपत्रं मागितली. सहलवाल्याच्या माणसाकडे यादी नव्हती. तो बाजूला उभा राहून कुणाकुणाला फोन लावत राहिला. उन्हात तापलेल्या बसमध्ये मुलं रडकुंडीला आली.

आत सोडलं, ते फक्त रस्त्यावरून फिरण्यापुरतं. बंद दारांच्या उंच शेड, घरघरणारे जनरेटर, व्हॅनिटी व्हॅनची रांग. "उजवीकडे बघा, इथे अमक्या सिनेमाचं गाणं झालं," असं तो माणूस सांगे. उजवीकडे मोकळं मैदान, फुटक्या प्लायवूडचा ढीग आणि बांबू रोवल्याचे खड्डे. एका ठिकाणी काकू खाली उतरून पुढे गेल्या, तर वॉकीटॉकी घेतलेला एक मुलगा धावत आला. "मावशी, इथून पुढे नको, टेक सुरू आहे," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. आतमध्ये शंभरेक माणसं काम करत होती आणि आमच्या मुलांच्या एका आरोळीने शॉट वाया गेला असता. दुपारी काकूंना चक्कर आली. जेवण मिळालं ते साडेतीनला, हायवेवरच्या एका ढाब्यावर. पैसे परत मागितले तेव्हा सहलवाला म्हणाला, "ताई, चित्रनगरी दाखवली की तुम्हाला!" अक्षरशः पाहिलं तर खरंच होतं ते. म्हणूनच लेखी हवं, असं मी इतक्या कळकळीने सांगते आहे.

चित्रनगरी मुळात पाहुण्यांसाठी बांधलेलीच नाही, हे समजलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. राज्य सरकारने १९७७ साली आरेच्या जंगलाला लागून, पाचशेहून अधिक एकरांवर ती वसवली ती निर्मात्यांच्या सोयीसाठी. चित्रीकरणाला फ्लोअर मिळावेत, बाहेरच्या दृश्यांना तळं, डोंगर, बाग, गाव, देऊळ, तुरुंग, न्यायालय एकाच आवारात मिळावं, हा हेतू. २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं गेलं. निर्माता फ्लोअर भाड्याने घेतो, सेट उभा करतो, काम संपलं की तोडतो. तोडला नाही तर भाडं चढतं आणि पुढचा निर्माता दारात थांबलेला असतो. त्यामुळे पडद्यावर पाहिलेला वाडा प्रत्यक्षात शोधायला जाणाऱ्याच्या पदरी बहुतेक वेळा मोकळी जागा येते. देऊळ, न्यायालय यांसारख्या कायमच्या जागा मात्र दिसतात. देवळातली मूर्ती कथानकाप्रमाणे बदलते, हे ऐकून मुलांना भारी गंमत वाटते.

हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाहून आलेले लोक गोरेगावला सर्वांत जास्त निराश होतात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या त्या जागेत पर्यटकांसाठी बस, खेळ, हॉटेलं, बागा अशी सगळी वेगळी व्यवस्था आहे. लंडनजवळ लीव्हस्डेनला हॅरी पॉटरचे सेट २०१२ पासून लोकांना दाखवतात. ते चित्रपट पूर्ण झाल्यावर सेट मुद्दाम जपून ठेवले म्हणून ते शक्य झालं आणि तिथे वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढल्याशिवाय प्रवेश नाही. गोरेगावला उद्याचा एपिसोड आज पूर्ण करायची धावपळ असते. तिथे आपण कामाच्या जागी आलेले परके असतो आणि तसंच वागायला हवं.

"लाइव्ह शूटिंग" या शब्दांवर पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मालिकेची पाळी साधारण बारा तासांची. त्यातला बराच वेळ लाइट लावण्यात, कॅमेऱ्याची जागा बदलण्यात आणि तोच संवाद वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा घेण्यात जातो. परवानगी मिळून आत गेलात तरी एका बाईने दार उघडून "आलात तुम्ही?" म्हणणं पाच वेळा बघाल, तेही श्वास रोखून. हे मुलांना घरीच समजावून सांगावं. समजावलं तर त्यांना ते आवडतं, हे मी नंतर पाहिलं.

कारण आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मोजकीच माणसं, मोठी बस नाही. अधिकृत सहल कुणाची, कोणते वार, आत किती वेळ, हे चित्रनगरी चालवणाऱ्या महामंडळाकडून आधी विचारून घेतलं. कलाकारांचं नावही काढलं नाही. एका शेडमध्ये अर्धा तुटलेला सेट होता, तो मागून बघू दिला आणि मुलांचे डोळे तिथे विस्फारले. समोरून चिरेबंदी भिंत, मागे लाकडी फ्रेमवर ठोकलेलं प्लाय. संगमरवरी खांब आतून पोकळ. घराला छप्परच नाही, कारण वरून लाइट सोडायचे असतात. तिथल्या पेंटरदादांनी नव्या भिंतीवर जुनाट ओल कशी रंगवतात ते दाखवलं. आधी पातळ हिरवट रंगाचे ओघळ, मग ओल्या स्पंजाने पुसून कडा घालवायच्या. इथपर्यंत गप्प असलेला एक मुलगा त्यांना सोडायलाच तयार होईना. अशी माणसं भेटावीत, एवढी एक विनंती सहलवाल्याकडे जरूर करा. सेटिंगवाले, लाइटमन, स्पॉटदादा यांच्याकडे दाखवण्यासारखं खूप असतं. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर ते आपुलकीने बोलतात.

हेच काम मोठ्या आकारात पाहायचं तर कर्जत. दापोलीच्या मातीतून आलेल्या नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये कर्जत-चौक रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ उभारला. कलादिग्दर्शनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस. 'जोधा अकबर'चे किल्ले-महाल तिथे उभे राहिले, 'राजा शिवछत्रपती' मालिकेचं चित्रीकरणही तिथलंच. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच आवारात त्यांचं निधन झालं. पुढे स्टुडिओचा कारभार गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या राज्य महामंडळाकडेच आला. अशा बदलाच्या काळात काय खुलं असतं आणि काय दुरुस्तीसाठी बंद, हे महिन्यागणिक बदलू शकतं. जुन्या फोटोंवर किंवा कुणाच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर भरवसा ठेवून पाहुण्यांना घेऊन जाऊ नका. उघड्यावरचे फायबरचे आणि प्लास्टरचे सेट कर्जतच्या पावसात फार दिवस तसेच राहत नाहीत.

आता जाण्यायेण्याचं. आमच्या पट्ट्यातल्या लोकांची निम्मी दमणूक इथेच होते. डोंबिवलीहून बस काढली की कटाई नाका आणि शिळफाटा, पुढे ऐरोली, पवई. ठाण्याहून घोडबंदर मार्गे जावं तर गायमुखच्या घाटात ट्रेलरच्या मागे अडकायचं. मुलुंडहून राष्ट्रीय उद्यानाखालून थेट चित्रनगरीपाशी निघणाऱ्या जोडबोगद्यांचं काम सुरू आहे, ते पूर्ण झालं की ठाण्याचं चित्र पालटेल. तोवर माणसं कमी असतील तर रेल्वे आणि मेट्रो हाच मार्ग मला बरा वाटतो. फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानक, पुलावरून चालत गुंदवली, मग दुसऱ्या मेट्रोने दिंडोशी आणि शेवटी रिक्षा. दादरला गाडी बदलण्याची झोंबाझोंबी टळते, आजीआजोबांना सरकते जिने आणि लिफ्ट मिळतात. रविवारी मात्र मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून घ्या. त्यापेक्षा रविवार टाळलेलाच बरा.

कर्जतचं गणित वेगळं. बदलापूरच्या पुढे गाड्या कमी होतात, म्हणून परतीच्या लोकलची वेळ लिहून ठेवूनच निघावं. स्टेशनपासून स्टुडिओ लांब आहे. रिक्षावाल्याशी जाण्याबरोबर येण्याचंही ठरवा आणि त्याचा नंबर दोघांनी तरी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन तिकडे जाऊच नये असं मी म्हणेन. २७ जुलै २०१९ ची आठवण आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं. त्याच रुळांवरून आपली कर्जत लोकल जाते.

आत गेल्यावर दोन गोष्टींबाबत कुणाचीही भीड बाळगू नका. पहिली आग. सेट म्हणजे लाकूड, कापड, थर्माकोल आणि तापलेले लाइट. सप्टेंबर २०१३ मध्ये चित्रनगरीत कपिल शर्माच्या कार्यक्रमाचा सेट जळून गेला, मार्च २०२३ मध्ये एका हिंदी मालिकेच्या सेटला आग लागली. शेडमध्ये शिरताना बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे ते विचारून घ्या, मुलांना केबलींवरून धावू देऊ नका. दुसरी गोष्ट बिबट्या. चित्रनगरीला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे आणि जुलै २०२३ मध्ये एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला होता. अंधार पडायच्या आत बसमध्ये बसायचं, लघवीला म्हणून मुलांना झाडीत एकटं पाठवायचं नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, हे बसमधून उतरतानाच विचारून ठेवायचं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्याच प्रकाराची. पहिल्या सहलीत गेटबाहेर एका माणसाने आमच्यातल्या एका आईला कार्ड दिलं. "मुलीचा चेहरा कॅमेऱ्यासाठी छान आहे, पोर्टफोलिओ काढा, ऑडिशनला नंबर लावतो," असं म्हणाला आणि लगेच नोंदणीचे पैसे मागितले. तिने दिले नाहीत, हे नशीब. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नाही. मोठ्या कार्यक्रमांना प्रेक्षक म्हणून बसण्यासाठीही पैसे देऊ नका. तिथे टाळ्या वाजवायला माणसं लागतातच आणि त्यासाठी पुष्कळदा समन्वयक प्रेक्षकांनाच मानधन देतात. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बंगल्यांत आणि मीरा रोडच्या शेडमध्ये मालिका होतात, म्हणून काही जण तिथे "आत सोडतो" म्हणून पैसे घेतात. त्या खासगी जागा आहेत. वॉचमनला दिलेल्या नोटेने मिळालेला प्रवेश कुठल्याही क्षणी अपमानाने संपतो, तोही मुलांसमोर.

घरात गुडघेदुखीची माणसं असतील किंवा सेटची धूळ सहन होत नसेल, तर पेडर रोडचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय बघा. जानेवारी २०१९ मध्ये ते सुरू झालं. गुलशन महाल या जुन्या देखण्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत जुने कॅमेरे, पोस्टर, ध्वनियंत्रं सावलीत, सवडीने बघता येतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात लागला, ती जागा इथून फार लांब नाही. आमच्या काकूंना आम्ही शेवटी इथेच नेलं. प्रत्येक पोस्टरपाशी त्या थांबल्या आणि कुठला सिनेमा कुणाबरोबर, कुठल्या थिएटरात पाहिला, ते आम्हाला सांगत राहिल्या. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सकाळी उघडताच पोहोचलात तर शाळांच्या सहली येण्याआधी निवांत दोन-तीन तास मिळतात.