कुंभार्लीपलीकडची सुकट

गेल्या डिसेंबरात आपल्या भूगोल विभागाची अभ्याससहल दाभोळला गेली. ‘रस्ते आणि किनाऱ्यावरची गावे’ हा विषय सरांनी नेमून दिला होता. कुणी बंदराचा इतिहास घेतला, कुणी खाडी. मी सुकट घेतली. वर्गात थोडे हसे झाले. पण माझी आई खानापूर तालुक्यातल्या आठवडी बाजारांत सुकट-बोंबील विकते आणि माझी फी त्यातूनच जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या मालावर आपण शिकतो, तो येतो कुठून हे पाहावेसे वाटले. खरे सांगायचे तर हा मासा जन्मतःच वाळलेला असतो, असे लहानपणी मला वाटे.

विटा, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर हा सारा एकच रस्ता आहे. गुहागर-विजापूर मार्ग म्हणून तो सर्वांना माहीत आहे. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला आहे. आमच्या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी पार देशाच्या टोकापर्यंत पोहोचली, पण याच रस्त्याच्या शेवटी असलेला समुद्र आमच्या आळीत फार थोड्यांनी पाहिला आहे. सरांनी कोयनेची गंमत वाटेतच सांगितली. तिचे एक पाणी कराडला कृष्णेला मिळते, टेंभू योजनेने उचलले जाते आणि आमच्या दुष्काळी तालुक्यात येते. दुसरे सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात उतरते, वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीत जाते. रस्त्याच्या आधीच पाण्याने आमची सोयरीक जुळवलेली आहे!

दाभोळला ‘दुर्गम’ म्हणताना मात्र जपावे लागते. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मातबर बंदर होते. अरबस्तानातले घोडे इथे उतरत. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी निकितीन परतीच्या वाटेवर इथूनच होर्मुझकडे निघाला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्मेडाने हे शहर जाळले. पुढे मुंबई-गोवा मार्गावरच्या आगबोटीही इथे थांबत. म्हणजे गाव पाण्याने जवळ होते आणि जमिनीने दूर. आगबोटी बंद पडल्या आणि सारी मदार रस्त्यावर आली. ‘दुर्गम’ हा शब्द दाभोळला तेव्हा चिकटला असावा, असे मला वाटते.

धोपाव्याच्या धक्क्यावर आमची बस सरळ फेरीबोटीत चढली आणि काही मिनिटांत दाभोळला उतरली. ही वाहनांची फेरी २००३ पासून आहे. त्याआधी माणसे होडीने जात, पण गाडीला चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडे. (एन्‌रॉनमुळे गाजलेला ‘दाभोळ’ प्रकल्प दाभोळात नाहीच, तो अलीकडच्या काठावर, गुहागर तालुक्यात आहे. नाव एका गावाचे आणि जमीन दुसऱ्याची.) आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाडीवर पूलही योजला आहे.

गावात जवळा वाळत घालणाऱ्या एका मावशींजवळ मी तासभर बसले. सुरुवातीला त्यांना मी गिऱ्हाईक वाटले. आईचा धंदा सांगितला, तेव्हा त्यांनी पुढ्यातली टोपली बाजूला सारून मला बसायला जागा केली. त्यांच्याकडून जे कळले ते असे. मासळी काही तासांत नासते. ट्रक आणि बर्फ नव्हता, तेव्हा गावात खपून उरलेली मासळी मिठात घालावी किंवा उन्हात टाकावी लागे. हे काम बायकांचे, आणि त्याचा पैसाही त्यांच्या हातात येई. आता बर्फात भरलेली सुरमई-पापलेट रात्रीच गाडीत चढते. तो व्यवहार नावेचा मालक आणि व्यापारी यांच्यातला. बाईच्या वाट्याला उरते बारीक मासळी. तीही आता खताच्या आणि कोंबडीखाद्याच्या कारखान्यांची माणसे घाऊक उचलतात.

“मग रस्ता नको होता का?” मी विचारले.

“नको कसा गो? माझी सून अडली तेव्हा रात्रीची गाडी होती म्हणून वाचली. रस्ता हवाच. पण माझा जवळा त्याच्यावरून जात नाही, इतकंच.”

आमच्या बाजूची गोष्टही निराळी नाही. विट्यात, कराडात आता बर्फातली ताजी मासळी मिळते. पैसेवाले गिऱ्हाईक तिकडे वळले. सुकट उरली आहे ती मजुरांच्या भाकरीबरोबर, आणि मुख्यतः पावसाळ्यात, जेव्हा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्यात माल दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून येतो, त्यामुळे आईला तो महाग पडतो. रस्ता सुधारला म्हणजे दोन गावे जवळ आली, असे आपण परीक्षेत लिहितो. पण मावशी आणि आई या एकाच मालाच्या दोन टोकांच्या बायका. त्यांना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते.

निघताना मावशींनी दोन किलो जवळा बांधून दिला. घरी आईने तो मुठीत घेतला, चोळला, वास घेतला. “वाळू न्हाई ह्यात,” ती म्हणाली. भाव विचारला आणि बराच वेळ गप्प बसली. मी उत्साहाने सांगितले, की थेट तिथूनच आणू; २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे.

“आगं, आर्धं तिकीट तुला आन् मला,” आई म्हणाली. “बुट्टीचं पैसं पुरंच घेत्यात. आन् एक दिवस जायला, एक यायला. दोन बाजार बुडत्यात. त्येचा हिशेब मांड की आदी.”

मी वहीचे मागचे पान उघडले आणि ती सांगेल तसे आकडे लिहू लागले.