नौकेवरील दिवे : दोष बल्बात की वाटेत?

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते आणि यांत्रिक नौका ओढून काठावर घेतल्या जातात. याच काळात नौकेचा तळ खरवडला जातो, फळ्यांच्या सांध्यांची डागडुजी होते, रंगरंगोटी होते आणि इंजिनही खोलून पाहिले जाते. विजेच्या तारांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. दिवा लागला नाही तर नवा बल्ब बसवायचा, तोही लागला नाही तर होल्डरवर दोन टिचक्या मारायच्या, एवढ्यावरच काम भागवले जाते. वास्तविक जुन्या नौकेवर बल्ब हा क्वचितच खरा दोषी असतो. दोष बहुधा बॅटरीपासून बल्बापर्यंत जाणाऱ्या आणि तेथून परत येणाऱ्या वाटेत असतो. ही वाट पद्धतशीरपणे कशी तपासावी, याची माहिती मच्छीमार गावांतील शिक्षक, पंचायत सदस्य व संबंधित अधिकारी यांनाही असणे उपयुक्त ठरेल.

दिव्यांची भाषा

समुद्रातील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम तयार झाले व ते १९७७ पासून अंमलात आले. भारत या कराराचा सदस्य आहे. या नियमांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, तसेच धुक्यामुळे वा पावसामुळे दूरचे दिसेनासे झाल्यास दिवसाही, नौकेने ठरावीक दिवे लावावयाचे असतात. चालत्या नौकेच्या डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर समोरून दिसणारा पांढरा दिवा असतो. ट्रॉल जाळे ओढणारी नौका हिरव्याखाली पांढरा, तर अन्य प्रकारची जाळी लावून मासेमारी करणारी नौका तांबड्याखाली पांढरा दिवा दाखविते.

यावरून समोरच्या जहाजास नौका कोणत्या दिशेने चालली आहे व तिच्या मागे जाळे आहे की नाही, हे कळते. मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांकडे ये-जा करणारी मोठी जहाजे लगेच वळू वा थांबू शकत नाहीत. त्यांच्या अधिकाऱ्याला नौका वेळीच दिसली पाहिजे. म्हणूनच १२ मीटर वा त्याहून अधिक, पण ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेचे बाजूचे दिवे किमान २ सागरी मैलांवरून दिसावेत असा नियम आहे. दिवा लागलेला असणे पुरेसे नाही. तो अपेक्षित अंतरावरून दिसला पाहिजे.

मंद दिव्याचे गणित

१२ व्होल्टच्या साध्या तारेच्या बल्बाला दाब थोडा कमी मिळाला तरी प्रकाश फार घटतो. १२ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले, तर प्रकाश एक-तृतीयांशाहून अधिक कमी होतो. बारीक तार हे याचे एक कारण होय. २५ वॅटचा बल्ब सुमारे २ अँपिअर प्रवाह घेतो. दिवा बॅटरीपासून १० मीटर अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन तार २० मीटर होते. १ चौरस मि.मी.ची तांब्याची तार वापरल्यास यात सुमारे ०.७ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो, २.५ चौरस मि.मी.ची तार वापरल्यास तो ०.३ व्होल्टच्या आत राहतो. दुसरे व अधिक आढळणारे कारण म्हणजे खाऱ्या हवेने खराब झालेले जोड. तांब्यावर चढणारा हिरवट जंगाल विजेला अडवितो. वरून चिकटपट्टी गुंडाळलेली असल्यामुळे तो दिसत नाही, उलट आत शिरलेला ओलावा पट्टीमुळे बाहेर पडत नाही.

तपासणीचा क्रम

या कामास एक साधा व्होल्टमीटर पुरेसा आहे. प्रथम लक्षण नीट पाहावे. सर्वच दिवे मंद असतील तर दोष बॅटरीत वा मुख्य तारेत. एकच दिवा मंद असेल तर त्याच्या शाखेत. इंजिन चालू असता दिवे प्रखर आणि बंद करताच मंद होत असतील, तर बॅटरी कमकुवत झाली असण्याचा संभव अधिक. इंजिनाच्या कंपनाने दिवा लुकलुकत असेल, तर जोड सैल आहे असे समजावे.

त्यानंतर बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती जवळजवळ अर्धी रिकामी आहे. मग दिवा चालू ठेवून मोजणी करावी. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रवाह वाहत नसताना खराब जोडही पूर्ण दाब दाखवितो व तपासणारा फसतो.

उदाहरणादाखल, डोलकाठीवरचा दिवा मंद आहे, बॅटरीवर १२.४ आणि होल्डरवर १०.५ व्होल्ट मिळतात. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेत नाहीसे झाले. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी होल्डरच्या धन टोकास लावली असता ०.३ व्होल्ट आले. तशीच मोजणी ऋण बाजूस केली असता १.६ व्होल्ट आले. दोष परतीच्या तारेत आहे, हे येथे सिद्ध झाले. आता त्या तारेवरील एकेक जोड ओलांडून मोजत गेल्यास दोषाची जागा सापडते. नवे बल्ब आणून हा दोष कधीही दूर झाला नसता. परतीच्या वाटेकडे नेहमीच दुर्लक्ष होते, म्हणून तिची मोजणी चुकवू नये.

फ्यूजचा इशारा

फ्यूज वारंवार जात असेल तर तार कोठेतरी सोलली गेली आहे वा पाण्यात भिजत आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार बसविणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. तो तारेच्या क्षमतेनुसार व बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. तळात साचलेल्या पाण्यात गळणारी वीज पंख्याचा दांडा व इतर धातूचे भागही खाऊन टाकते.

दुरुस्ती टिकावी म्हणून

घरगुती वापराची एकसंध तार कंपनाने तुटते. नौकेवर अनेक बारीक तारांची, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी. तारा पिळून जोडण्याऐवजी दाबून बसविलेली टोके व त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी वापरावी. होल्डरमध्ये शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. कामाआधी बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी व ती शेवटी जोडावी. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असल्याने तेथे ठिणगी पडू देऊ नये. जुन्या होल्डरमध्ये एल.ई.डी. बल्ब बसविल्यास तांबड्या-हिरव्या काचेतून रंग नीट दिसतो ना आणि व्ही.एच.एफ. संचात खरखर येत नाही ना, हे पाहून घ्यावे.

गावाचा वाटा

व्होल्टमीटर व टोके दाबण्याचा चिमटा प्रत्येक नौकामालकाने विकत घेतला पाहिजे असे नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने एक संच ठेवला तर तो सर्वांना वापरता येईल. वायरमनचे शिक्षण घेतलेल्या गावातील तरुणांना बंदीच्या काळात हे काम देता येईल. शाळेत विद्युत मंडल शिकविताना फळ्यावरील आकृतीबरोबरच काठावर उभ्या असलेल्या नौकेचा दिवा मोजून दाखविला, तर मुलांना तो धडा कायमचा समजेल. नारळी पौर्णिमेनंतर नौका पाण्यात उतरण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्व दिवे लावावेत, इंजिन चालू करावे आणि कोणी तरी दूर किनाऱ्यावर उभे राहून ते स्पष्ट दिसतात की नाही हे पाहावे. तांडेल व खलाशांच्या सुरक्षिततेसाठी एवढा वेळ देणे मुळीच अवघड नाही.