शिरगणती आणि घराघरांतील संकोच

प्रगणक म्हणून शिक्षक दाराशी उभा राहिला म्हणजे काही घरांतून उत्तर येण्यास विलंब लागतो. हा विलंब अडाणीपणाचा मानणे न्याय्य नव्हे. सरकारी कागदावर नाव चढले की मागाहून पट्टी येते, ही धास्ती जुनी आहे. १८७२ च्या पहिल्या खानेसुमारीतही नव्या कराची आवई उठली होती. १९३१ साली तर राष्ट्रसभेने बहिष्कारच पुकारला.

दुसरे कारण अधिक नाजूक. पतीचे नाव उच्चारणे कित्येक स्त्रियांना प्रशस्त वाटत नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने या रूढीचा मान राखला आहे. इतर प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक असले, तरी कलम ८ अन्वये पतीचे वा रूढीने निषिद्ध अशा अन्य व्यक्तीचे नाव घेण्याची स्त्रीवर सक्ती नाही. घरातील शाळकरी मूल ते आनंदाने सांगते.

कलम १५ अन्वये ही नोंद पाहण्याचा हक्क कोणाही इसमास नाही, व दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. वाटणीचा तंटा असलेल्या घरी हे प्रश्नांपूर्वीच सांगावे. मागाहून सांगितल्यास ती सारवासारव वाटते. चावडीवर बसून, शेजाऱ्यांच्या देखत उत्तरे टिपणारा प्रगणक मात्र हे आश्वासन स्वतःच मोडतो.